‘सह्यवारा’ यांना उत्तर: स्प्रिंग ती स्प्रिंग नव्हे

माउंटन बाइकच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, प्रकारांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘सह्यवारा’ यांची प्रतिक्रिया आली आहे. "स्प्रिंग ती स्प्रिंग. डॅम्पिंगचं पुराण दुकानदारांनी रचलेलं. लेखकमहाशय कधी टेकडी उतरले आहेत, की नुसती माहितीपत्रकं वाचून लिहितात?" (डॅम्पिंग म्हणजे धक्का जिरवणं.) पुढे तीन तक्रारी: रॉकशॉक्स कंपनीच्या पहिल्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दबत्या दुपाख्याचं, साल चुकलं, सिंगल पिव्हट आणि हॉर्स्ट लिंक हे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे दोन प्रकार मी एका वाक्यात उरकले, आणि देखभालीच्या खर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सालाचं तुमचं बरोबर आहे. तो पहिला फोर्क, आरएस-१, बाजारात आला १९८९ मध्ये, लेखात १९९० पडलं होतं. दुरुस्त केलं, आभार. पण चूक दाखवायला ‘लेखकमहाशय’ कशाला लागतं? नुसतं साल लिहिलं असतं तरी मी तितक्याच तत्परतेने बदललं असतं. मी इथे कुणाची सायकल विकत नाही, कुठल्या दुकानाचा एक रुपया घेतलेला नाही. दुकानदाराचा माणूस म्हणवून घेणं मला लागलं, आणि ते मी लपवणार नाही.

आता ‘स्प्रिंग ती स्प्रिंग’. मोटरसायकलच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने बनवलेल्या त्याच आरएस-१ मध्ये हवेच्या जोडीला तेल होतं. कशासाठी? स्प्रिंग, मग ती पोलादी कॉइल असो की कोंडलेली हवा, धक्का फक्त साठवते आणि जवळजवळ सगळा परत करते. तो जिरवतो डॅम्पर. बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. फोर्क किती वेगाने परत वर येणार, त्याला रिबाउंड म्हणतात, आणि तोही हे तेलच ठरवतं. कॉइल वाईट, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (म्हणजे चाक तेवढं वरखाली होणाऱ्या) कितीतरी डाउनहिल सायकलींना आजही मागे कॉइल शॉक असतो. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे दिसलं असतं.

आणि टेकडी. २०११ मध्ये माझ्याकडे १०० मिलिमीटरच्या कॉइल फोर्कची हार्डटेल होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. फोर्क दबू नये म्हणून अडकवायचा लॉकआउट होता, रिबाउंड कमीजास्त करायला काहीच नव्हतं. विकणारा म्हणाला होता, "सस्पेन्शनवाली आहे, बिनधास्त उतरवा." पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पाषाणच्या बाजूला उतरताना मुरमात दोन दगड लागोपाठ आले. पहिल्यावर फोर्क पुरता दबला आणि दुसरा यायच्या क्षणीच उसळून वर आला. हँडल हातातून सुटलं. उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. पावसाळा आला की ते अजून ठणकतं. माहितीपत्रक वाचून मनगट मोडत नाही, सह्यवारा.

पुढे १२० मिलिमीटरचा एअर फोर्क घेतला. पहिल्या दिवशी नळीवरचं रबरी कडं खाली सरकवलं, हळूच बसलो, हळूच उतरलो. कडं ३० मिलिमीटरवर थांबेपर्यंत पंपाने हवा कमीजास्त केली. म्हणजे २५ टक्के सॅग, नुसतं बसल्यावर फोर्क जेवढा दबतो तेवढा. मग फोर्कच्या तळाची रिबाउंडची लाल चावी एकेक टिचकी फिरवत त्याच दोन दगडांवरून सातआठ वेळा उतरलो. चावी मोकळी सोडली की हँडल हाताला ढकलायचं. फार आवळली की फोर्क दुसऱ्या दगडापर्यंत वर यायचाच नाही, दबलेलाच राहायचा. मधल्या एका टिचकीवर चाक दोन्ही दगडांना चिकटून गेलं. टेकडी तीच, दगड तेच, हवाही तीच. बदललं ते फक्त तेलाचं वाहणं.

सिंगल पिव्हट आणि हॉर्स्ट लिंक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो सवडीने लिहीन. खर्चाचं म्हणाल, तर ज्याने त्याने आपला खिसा बघावा. मी सस्पेन्शनवर लिहीत होतो, हिशेबावर नाही.

तुमची सायकल घरात असेलच. पुढचा ब्रेक घट्ट धरा, अंगाचा भार टाकून हँडल दाबा आणि भार एकदम काढून घ्या. पुढचं चाक जमीन सोडून उडालं, तर तुमचा रिबाउंड फार मोकळा आहे. त्याला चावी असेल तर दोन टिचक्या आवळा आणि पुन्हा दाबून बघा. चावीच नसेल, तर लागोपाठच्या दगडांवर वेग आवरा.