मोठी टाइल लावली म्हणून गळती थांबत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी तर तो वाचून टाइलचं बुकिंगही करून टाकलं होतं. मेसेजचा सारांश असा: बाथरूम नव्याने करताय तर जमिनीला आणि भिंतीला 2×4 फुटी व्हिट्रिफाइड टाइलच घ्या. जोड कमी, म्हणून गळती बंद. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून वॉटरप्रूफिंगचे पैसे वाचवा. जमिनीच्या टाइलच्या खोक्यावर ‘आर-10’ छापलेलं असलं की घसरायची भीती नाही. आणि जोडांत इपॉक्सी भरा, जन्मभर बघायला नको.

बावीस वर्षं पुण्यात घरांची दुरुस्ती करून घेण्यात गेली, त्यातली निम्मी कामं बाथरूमची. या मेसेजमुळे लोकांचे पैसे जाणार आहेत आणि हाडंही मोडणार आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जोड कमी म्हणून गळती बंद, हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा समज. कोथरूडला एका घरात खालच्या मजल्याच्या छताला पोपडे आले, म्हणून वरची जमीन उघडली. मोठी टाइल, जोड शाबूत, कुठे केसाएवढी भेग नाही. पहिली टाइल उचलली तर खालचा वाळू-सिमेंटचा थर ओल्या रव्यासारखा हातात आला, कुबट वास मारत होता. पाणी शिरत होतं नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी वाहून जायच्या तोंडाच्या, कडेने, जिथे पाइप आणि स्लॅब यांच्यामधली फट कोणी नीट बुजवलीच नव्हती. टाइलवर झालेला सगळा खर्च त्या बोटभर फटीला काहीच करू शकला नाही.

पाणी अडतं ते टाइलच्या खाली. स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर, तो भिंतीवर निदान फूटभर चढवलेला, शॉवरच्या भिंतींना तर डोक्याच्या वरपर्यंत. पाइपांच्या गळ्याशी आणि कोपऱ्यांत जास्तीची काळजी. मग ट्रॅपला बोळा घालून 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. हे पाणी भरणं वगळा असं मिस्त्री म्हणाला, तर काम तिथेच थांबवा. टाइल लागल्यावर हीच चूक शोधायला सगळं फोडावं लागतं.

आता मोठ्या टाइलचा आणि ढाळाचा प्रश्न, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. शॉवरच्या जमिनीला साधारण 1:80 चा ढाळ हवा. जागा 4×4 फूट आणि ट्रॅप मधोमध असेल, तर भिंतीपासून दोन फुटांत जमीन 7-8 मिलिमीटर उतरायला हवी, तीही चारी बाजूंनी. टाइल काही वाकत नाही. मग मिस्त्री तिला कोपऱ्यांपासून ट्रॅपकडे तिरकी कापतो आणि दोन कर्ण पडतात, प्रत्येक साडेपाच फुटांहून लांब. म्हणजे वाचवलेले जोड अकरा फुटांनी परत आले, आणि तेही कापलेल्या कडांचे. कापायचं टाळलं तर ढाळ मरतो आणि कोपऱ्यात साबणाचं पाणी साचून राहतं. जमिनीला एक फुटी किंवा त्याहून लहान टाइल घ्या, ती ढाळाबरोबर सहज वळते. मोठीच हवी असेल तर भिंतीलगत लांब जाळीचा ट्रॅप बसवून ढाळ एकाच दिशेला द्यावा लागतो. हे प्लंबिंगच्या आधी ठरवायचं असतं, नंतर जमत नाही.

व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, हे मात्र खरं आहे. तिचं जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं दहा टक्क्यांच्या वर. दुकानात टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. सिरॅमिकवर ते बघता बघता जिरतात, व्हिट्रिफाइडवर तसेच थेंब बनून राहतात. पण सिमेंटचा माल टाइलला धरतो तो त्या शोषण्यामुळेच. व्हिट्रिफाइड नुसत्या सिमेंटवर चिकटवली की काही महिन्यांत नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. 2×4 ची टाइल साधारण 15 किलोची, ती भिंतीवरून सुटली तर काय होईल याचा विचार करा. तिला टाइल अॅडहेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचं खास मिश्रणच लागतं, तेही पूर्ण पाठीला लावलेलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून चालत नाही. शॉवरच्या भिंतीला, खाली वॉटरप्रूफिंग नीट असेल तर, साधी सिरॅमिक पुरेशी आहे. हलकी, स्वस्त, पुसायलाही सोपी.

आर-10 बद्दल मला जास्त बोलायचंय, कारण 2019 मध्ये माझ्या आईचं मनगट मोडलं ते नव्या कोऱ्या बाथरूममध्ये, मीच निवडलेल्या टाइलवर. खोक्यावरचं ‘आर’ मी तेव्हा वाचलं होतं, समजून घेतलं नव्हतं. ही जर्मन चाचणी आहे. उतरत्या फळीवर टाइल लावून तिच्यावर तेल ओततात, कामाचे बूट घातलेला माणूस चालतो आणि तो घसरेपर्यंत फळीचा कोन वाढवत नेतात. कारखान्याच्या जमिनीसाठी ती योग्यच आहे. पण आपण बाथरूममध्ये बूट घालून जात नाही. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची चाचणी वेगळी आहे, तिची श्रेणी ए, बी, सी अशी असते, आणि शॉवरसाठी बी हवी. दुकानदाराला हे अक्षर विचारा. शिवाय लहान टाइलचे जोड पायाच्या बोटांना पकड देतात, हा फायदा कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो.

इपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइलच्या जोडांत भरायचं रेझिनचं मिश्रण, चांगलंच असतं. बोअरचं पाणी असलं की पांढरे डाग काढायला अॅसिड वापरलं जातं, आणि अॅसिड सिमेंटचं ग्राउट खातं; इपॉक्सी तिथे टिकतं. पण भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात तेही भरू नका. दोन्ही अंगं थोडी हलतात आणि तिथे ते तडकतं. तिथे सिलिकॉन लागतं आणि ते काही वर्षांनी बदलावं लागतं, त्यामुळे जन्मभर बघायला नको हे काही खरं नाही.

बुकिंग केलेल्या त्या दोघांना मी एवढंच सांगितलं: जमिनीच्या टाइलचे दोन नमुने घरी आणा, बादलीत शॅम्पू कालवून त्यांच्यावर ओता, आणि भिंतीचा आधार धरून घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला अनवाणी उभं राहायला सांगा. दोघांपैकी एकीने त्याच संध्याकाळी जमिनीची ऑर्डर बदलली.