मिगला चौथरा नको, छप्पर हवं

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये वायुसेनेच्या मिग-21 लढाऊ विमानांना निरोप दिला गेला, तेव्हापासून नाशिकच्या नातेवाइकांशी फोनवर एकच वाद चालू आहे. काहींच्या मते ही विमानं गावोगावी, शाळा-कॉलेजांसमोर उभी करावीत, पोरांना अभिमान वाटेल. काही म्हणतात, रस्ते बुजवायला पैसे नाहीत आणि भंगारात कसला जीव अडकवता? दोन्ही बाजूंचं एकमत मात्र एका वाक्यावर होतं: आपल्याला जपता येत नाही, ते इंग्रजांनाच जमतं.

इंग्लंडात राहून मला हे वाक्य पटत नाही.

लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. तिथलं भलंथोरलं लिबरेटर बॉम्बर भारतीय वायुसेनेने 1974 मध्ये भेट दिलेलं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अशी कितीतरी विमानं कानपूरला टाकून दिली होती, तीही पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. 1948 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती जेमतेम उडण्याजोगी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली, तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली आणि वायुसेनेने ती 1968 पर्यंत वापरली. अमेरिकेत टुसॉनच्या पिमा संग्रहालयात आणि कॅनडात ओटावाला जी लिबरेटर दिसतात, तीही याच भारतीय ताफ्यातली. उलट ब्रिटनने दोन हजारांहून जास्त स्टर्लिंग बॉम्बर बांधली, पण त्यातलं एकही अखंड विमान आज जगात नाही. जपण्याची अक्कल कुठल्या एका देशाला जन्मजात मिळालेली नसते.

आपली अडचण वेगळी आहे. वस्तू कामात असेपर्यंत आपण ती कुठल्याही हालतीत चालू ठेवतो, काम संपलं की तिच्यावरची नजर काढून घेतो. विमानाचं असं झालं की त्याला खांबावर चढवून चौकात ठेवतात. पावसाचं पाणी सांध्यांत शिरतं, अॅल्युमिनियमचे पापुद्रे सुटतात, मॅग्नेशियमचे भाग तर पिठासारखे होतात, उन्हाने कॉकपिटची काच धुरकट पडते. मग कधीतरी वरून ऑइल पेंटचा हात फिरतो आणि मूळ खुणा, क्रमांक, सूचना सगळं त्याखाली जातं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेली सी हॉक आणि आलिझे जातीची विमानं आहेत, पण बरीचशी विमानं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत. ती जुनी विक्रांत तर 2014 मध्ये मुंबईतच तोडली गेली. एवढं जहाज पाण्यावर सांभाळणं फार खर्चाचं होतं, हे मान्य. विमानाला मात्र एक कोरडी शेड पुरते.

इथे इंग्लंडात कॉसफर्डला त्याच रॉयल एअर फोर्स संग्रहालयाची दुरुस्तीशाळा आहे. 2013 मध्ये समुद्रातून काढलेल्या जर्मन डॉर्नियर बॉम्बरवर तिथे सायट्रिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाचा फवारा कितीतरी महिने चालू ठेवला, कारण धातूतला खार निघाल्याशिवाय पुढे काही करता येत नाही. वेलिंग्टन बॉम्बरच्या जाळीदार सांगाड्यावर नव्याने कापड चढवायला वर्षं गेली. नोव्हेंबरमध्ये ही शाळा लोकांसाठी उघडतात तेव्हा पगारी तंत्रज्ञांशेजारी निवृत्त स्वयंसेवकही भेटतात. मला हेवा वाटतो तो त्यांचा.

कारण असे हात नाशिकजवळ ओझरला आहेत. मिग-21 ची इंजिनं कोरापुटला बनायची, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, आणि विमान जोडलं जायचं ओझरच्या कारखान्यात. त्यातले किती तरी कामगार आज नाशिक, पिंपळगाव, निफाडला निवृत्त आयुष्य जगताहेत. वीस चौकांत वीस सांगाडे उभे करण्यापेक्षा ओझरला एका शेडमध्ये दोन विमानं ठेवा, एक पूर्ण आणि एक पत्रा उघडून आतली वायरिंग आणि नळ्या दिसतील असं. मुलांना अभिमान वाटावा अशी इच्छा असेल तर आपल्या तालुक्यातल्या माणसांनी काय बनवलं हे त्यांना आतून पाहू द्या. रस्त्यांच्या पैशांचा प्रश्न खोटा नाही, म्हणून तर थोडीच विमानं ठेवावीत आणि नीट ठेवावीत.

सुरुवातीच्या काळात ही विमानं जोडणारे कामगार आता ऐंशीच्या घरात आहेत. कुठला रिव्हेट कुठे बसायचा, कुठला भाग नेहमी त्रास द्यायचा, हे त्यांच्याकडून आवाजात आणि चित्रात नोंदवून घ्यायला शेड लागत नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही. नाशिकच्या एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजने मनावर घेतलं तर हे काम येत्या सुट्टीतच सुरू होऊ शकतं.