6 डिसेंबर ते 16 डिसेंबर: सोलापूरकरांकडे एक आग्रहाची मागणी

डिसेंबर उजाडला की आपल्या शाळांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून ध्वजदिन निधीची पावतीपुस्तके फिरू लागतात. 7 तारखेला टाचणीने छातीवर लावायचा तो चिमुकला कागदी ध्वज, त्यावरचे लाल, गडद निळा आणि आकाशी हे तीन रंग, म्हणजे आपली भूदल, नौदल आणि हवाईदल ही तिन्ही दले. 1949 पासून हा दिवस पाळला जातो आणि त्या निधीतून माजी सैनिकांना, वीरपत्नींना, त्यांच्या लेकरांना आधार मिळतो. सोलापूरकर या कामी हात आखडता घेत नाहीत, याचा मला अभिमान आहे. मात्र आदल्या दिवशी, म्हणजे 6 डिसेंबरला, भारत-बांगलादेश मैत्री दिवस असतो, हे आपल्या मुलांना कुणीच सांगत नाही, आणि ही उणीव मला फार बोचते.

6 डिसेंबर 1971 रोजी, युद्ध ऐन भरात असताना आणि ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीला दहा दिवस अवकाश असताना, भारताने बांगलादेशाला मान्यता दिली; भूताननेही त्याच दिवशी दिली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, आपली ‘जंगी पलटण’, त्याच आठवड्यात जमालपूरला झुंजली आणि पुढे पुंगली पुलापाशी, टांगाईलजवळ विमानांतून उतरलेल्या आपल्या छत्रीधारी सैनिकांना जाऊन मिळाली. या लढाया मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, सोबतीने आणि शेजारच्या जनतेच्या मुक्ततेसाठी लढल्या गेल्या. एवढे सांगितल्यावाचून 16 डिसेंबरच्या विजय दिवसाचा निम्मा अर्थ हरवतो, असे माझे ठाम मत आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात शेख हसीना यांची सत्ता गेल्यानंतर ढाका आणि दिल्ली यांच्यात कटुता आली, मग आता मैत्री कसली, असे अनेक जण विचारतात. त्यांचा राग मी समजू शकतो, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मुक्तियोद्धे कोलकात्यात आले आणि आपले माजी सैनिक ढाक्याला गेले; राजकारण तापलेले असताना या वृद्ध योद्ध्यांनी विजय दिवसाला एकमेकांकडे जाण्याची रीत मोडू दिली नाही.

आणि सोलापूरच्या माणसाला तर याचा दाखला शोधायला बाहेर जाण्याची गरजच नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली याच गावात जन्मले. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस मात्र जपानशी लढणाऱ्या चिनी आठव्या मार्ग सेनेच्या जखमींपाशी राहिले, आघाडीजवळ मिळेल त्या जागेत शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. पुढे 1962 चे युद्ध झाले, 2020 मध्ये गलवानला आपले वीस जवान धारातीर्थी पडले. तरी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आजही त्यांची समाधी आहे. गलवानचा हिशेब सरकारने आणि सैन्याने जरूर मागावा. पण त्यामुळे कोटणीसांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

कोलंबोजवळ श्रीलंकेनेही, 1987 ते 1990 या काळात तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या जवानांचे स्मारक उभारले आहे. श्रीलंकेत आपले सुमारे 1,200 जवान कामी आले, आणि त्यांची आठवण आपण काढत नाही, हे मला सर्वाधिक खटकते.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. यंदा सोलापुरातील प्रत्येक शाळेने ध्वजदिनाच्या परिपाठात मैत्री दिवसाची माहिती द्यावी, 9 डिसेंबरला मुलांना डॉ. कोटणीस स्मारकात न्यावे आणि 16 तारखेला 1971 मध्ये लढलेल्या आपल्या जिल्ह्यातील एखाद्या माजी सैनिकाला बोलावून, त्या वेळी भेटलेल्या बंगाली माणसांविषयी त्यांना आवर्जून विचारावे. ते सैनिक आता ऐंशीच्या घरात आहेत. हे याच वर्षी व्हायला हवे.