गव्हाच्या दाण्याएवढा चुना आणि अंगदुखीचं ‘एकच’ कारण

थोड्याफार फरकाने व्हॉट्सअ‍ॅपच्या बहुतेक कौटुंबिक ग्रुपवर येऊन गेलेला एक मजकूर आहे. त्याचा गोषवारा असा: अंगदुखीचं मूळ एकच, शरीरातलं कॅल्शियम संपलं की वात वाढतो. म्हणून रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या. डाळी सोडा, त्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं. कंबर दुखली तर मणक्यात गॅप पडलाय समजा आणि झोपून राहा. गुडघा वाजतोय म्हणजे ग्रीस संपलं, तेव्हा जिने चढणं बंद. आणि पेनकिलरने किडनी जाते, त्यापेक्षा गावठी पुडी बरी, तिला साइड इफेक्ट नसतात.

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपतं.

‘एकच कारण’ इथूनच सुरुवात करू. सिंहगड उतरून आलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात, त्याचं कारण स्नायूंवर पडलेला सवयीबाहेरचा ताण. चढण्यापेक्षा उतरणं जास्त भोवतं, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि ओसरतं. (लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं म्हणून दुखतं, हाही एक लाडका गैरसमज. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं.) दुसऱ्या कुणाची हाडं खोलवर ठणकतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, तिथे ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तिसऱ्याचं थायरॉइड मंदावलेलं असतं. चौथ्याला कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी सुरू झाल्यापासून स्नायू दुखतायत. पाचवीची बोटं सकाळी उठल्यावर तासभर वळत नाहीत, ती संधिवाताची खूण असू शकते. आणि चिकनगुनिया होऊन गेलेल्यांना तर सांगायलाच नको. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीला त्याची साथ आली होती, २००६ मध्ये तो पुन्हा राज्यभर पसरला. ताप आठवड्यात उतरतो, पण मनगटं आणि घोटे महिनोन्‌महिने धरलेले राहतात. या सगळ्यांना एकच चुना चाटवायचा?

वाताबद्दल एवढंच: आयुर्वेदाची स्वतःची परिभाषा आहे आणि त्यातला वैद्यही नाडी बघितल्याशिवाय, चार प्रश्न विचारल्याशिवाय औषध देत नाही. तेवढेही कष्ट या मजकुराने घेतलेले नाहीत.

आता चुन्याचा हिशेबच मांडू. गव्हाचा दाणा भरतो ४०-५० मिलिग्रॅम. ओल्या चुन्यात पाणी बरंच, आणि उरलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये कॅल्शियम निम्म्याहून थोडंच अधिक. सढळ हाताने धरलं तरी दाण्यामागे वीस-पंचवीस मिलिग्रॅम कॅल्शियम पदरात पडतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं सुमारे १००० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे नाचणीची एक बऱ्यापैकी भाकरी चुन्याच्या आठ-दहा दाण्यांची बरोबरी करते. शिवाय तीळ, दूध आणि ज्या दह्यातून चुना घ्यायचा ते दही. वाटीभर दह्यातलं कॅल्शियम त्यात कालवलेल्या चुन्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. मग गुण कुणाचा म्हणायचा? उलट चुना तीव्र अल्कली आहे. हात जरा सैल पडला तर तोंड सोलून निघतं, हे पानवाल्याला विचारा.

मुळात रक्तातलं कॅल्शियम शरीर फार कसोशीने सांभाळतं. ते खरोखर घसरलं तर ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. हाडं विरळ होणं ही वेगळी गोष्ट, आणि तिचा घातकपणाच असा की हाड मोडेपर्यंत सहसा काही दुखत नाही.

चुन्याचीच आधुनिक आवृत्ती म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच, असा तिचा नेहमीचा हिशेब. काही जण ती दुकानातून परस्पर आणून रोज घेतात. त्यातून रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढू शकतं की उलट्या होतात, भ्रम होतो, मूत्रपिंडावर बेततं. आधी तपासणी, मग डोस.

डाळींचा मुद्दा मला सर्वांत नुकसानीचा वाटतो, कारण तो लोक लगेच अमलात आणतात. युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाऊट हा खरा आजार आहे. पण तो ‘अंग दुखतंय’ असा येत नाही. बहुतेकदा पायाच्या अंगठ्याचा सांधा रातोरात लालभडक होऊन सुजतो, त्यावर पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. ज्याला असं काही झालेलंच नाही आणि रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसतोय, त्याला बहुधा औषधही लागत नाही. खाण्यापिण्यात गाऊटचा धोका वाढवतात ते दारू (बिअर विशेष), मटण, कलेजी, मासे आणि गोड पेयं. डाळी, वाटाणे, पालक यांतही प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं) असतं, पण त्यांनी गाऊट वाढल्याचं मोठ्या, दीर्घ अभ्यासांत दिसलेलं नाही. शाकाहारी घरातल्या सत्तरीच्या आजींच्या ताटातून वरण-आमटी काढली तर प्रथिनं यायची कुठून? हळूहळू मांडीचे स्नायू झडतात, आणि मग गुडघे आणखी बोलू लागतात.

कंबरदुखी एकट्यादुकट्याची नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती. त्यांतल्या साधारण नव्वद टक्क्यांत बोट ठेवावं असं एक ठिकाण सापडत नाही. बसणं, वाकून उचलणं, कमी झोप, कामाची धास्ती, सगळं थोडं थोडं. अशा वेळी एमआरआय काढला की त्यात काहीतरी निघतंच. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसते. पिकलेल्या केसांना आपण आजार म्हणत नाही. पण ‘गॅप’ हा शब्द कानावर पडला की धडधाकट माणूस पोराला उचलून घेणं सोडतो, पट्टा बांधून फिरतो.

झोपून राहणं हा सल्ला तर सरळ उलटा आहे. एखाद-दोन दिवस हालचाल कमी करणं समजू शकतं, त्यापुढे पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. झेपेल तेवढं चालत राहणं, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, अर्ध्या-पाऊण तासाला खुर्चीतून उठणं, यावर साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत सुसह्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे, आणि कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून मणका ताणणं) सरसकट वापरू नयेत असं म्हटलंय.

गुडघ्याचं ‘ग्रीस’ थोडक्यात. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, खरं आहे. पण नुसता आवाज येणं, दुखत किंवा सुजत नसेल तर, निरुपद्रवी. झिजलेल्या गुडघ्याला सर्वांत जास्त उपयोग होतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देण्याचा आणि वजन उतरवण्याचा. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. जिना दुखत असेल तर कठडा धरून, कमी मजले चढा. कायमचा सोडलात तर काही दिवसांनी खुर्चीतून उठणंही जड जाईल.

पेनकिलर आणि किडनी, हे अर्धं खरं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दीर्घकाळ, मनाने, त्यातही उतारवयात, रक्तदाब किंवा मधुमेह असताना घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना धोका आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची कलेवरं खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरीही डॉक्टरांनी तीन दिवस दिलेली गोळी तुमची किडनी घालवेल असं नाही. एक पथ्य मात्र पावसाळ्यात पाळाच: तापासोबत अंग मोडून येत असेल आणि डेंग्यू नाही याची खात्री नसेल, तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. मापात पॅरासिटामॉल घ्या.

ज्या पुडीला हा मजकूर निर्धोक म्हणतो, तिची मला जास्त भीती वाटते. नाव, घटक, बनवणारा, काहीच न छापलेल्या अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. दोन दिवसांत माणूस उड्या मारायला लागतो, भूक वाढते. मग चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं पोकळ होत जातात. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम फेकूनही देऊ नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी आतली ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते आणि अचानक थांबल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, लाजू नका.

या लांबलचक मजकुरात एक ओळ कुठेच नाही: केव्हा थांबायचं नाही. पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. छातीतून जबड्याकडे किंवा डाव्या हातात उतरणारी कळ ही ‘अंगदुखी’ नव्हे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळू नका. आणि कंबर दुखत असताना पायातली ताकद जात असेल, बसायच्या जागी बधिरपणा येत असेल किंवा लघवी अडत असेल, सुटत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी इस्पितळ गाठा.