ट्रायपॉड फुलाला बांधता येत नाही

सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सॲपवर तोच मेसेज फिरायला लागतो: 'कासला जाताय? मग हे वाचाच.' ट्रायपॉडशिवाय कॅमेरा नेऊ नका, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० च्या वर चढवू नका, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ इतकं बारीक ठेवा म्हणजे सगळं शार्प येतं, उजेडाचं काय ते कॅमेऱ्यातलं मीटर बघून घेईल, आणि आभाळ भरलेलं असेल तर फोटोचा नादच सोडा. हे सगळं इमानेइतबारे पाळून मी एक अख्खी सकाळ वाया घालवली आहे, म्हणून बोलतो.

आधी ट्रायपॉड. कासचं पठार उघडं, वारा अडवायला काही नाही. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं, त्याचा दांडा सुतळीपेक्षा बारीक. जरा झुळूक आली की ते डोलायला लागतं. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरून ठेवतो, फुलाला नाही. त्या सकाळचे माझे फोटो बघा: शेजारचा कातळ खणखणीत, फूल म्हणजे जांभळा डाग. डोलणारं फूल थांबवायला १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागतं, आणि एवढं शटर मिळालं की हात पुरतात. वर पायवाट अरुंद. तीन पाय पसरले की एक पाय हमखास झाडोऱ्यात.

कॅमेरा हातात धरताना जुना ठोकताळा सांगतो, १०० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर निदान १/१००, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर १/१५०. फुलाच्या जवळ गेल्यावर मात्र तो अपुरा पडतो. लेन्समधलं हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशनही जवळून फारसं साथ देत नाही, आणि फुलाचं डोलणं तर ते कधीच थांबवत नाही. शिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही असा एक घोळ असतो: श्वासागणिक आपण स्वतःच पुढेमागे झुलतो. दोन मिलिमीटर हललो तरी फोकस पाकळीवरून मागच्या गवतावर. म्हणून एक गुडघा टेका, कोपरं बरगड्यांशी घट्ट धरा, फोकस कंटिन्युअसवर (म्हणजे तो सतत जुळत राहील असा) ठेवा आणि चार-पाच फोटो सलग काढा. एखादा लागतोच. (बाकीचे घरी न नेता तिथेच उडवले तर बायको कमी हसते.)

ठोसेघरच्या धबधब्याचं पाणी रेशमासारखं दाखवायचं असेल तर अर्धा सेकंद शटर लागतं. तिथे ट्रायपॉड हवाच. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

आयएसओ १०० चा हट्ट आणि एफ/१६ हे दोन सल्ले एकत्र पाळले की काय होतं, त्याचा हिशोब मांडतो. ढगाळ सकाळी एफ/५.६ आणि आयएसओ १०० वर शटर समजा १/६० मिळतंय. अपर्चर एफ/१६ केलं की तीन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर १/८ वर आलं. हातात धरून हे जमणं कठीण, आणि ट्रायपॉडवर लावलं तरी वाऱ्यात फूल पुसटच. त्याऐवजी एफ/५.६ वरच राहून आयएसओ ८०० केला तर शटर १/५०० होतं. थोडा नॉइज (दाणेदारपणा) येईल, तो नंतर कमी करता येतो. हललेलं फूल मात्र कुठलंही सॉफ्टवेअर धडपणे परत आणत नाही. बरं, छिद्र फार बारीक केलं की प्रकाशाच्या विवर्तनामुळे बारीक तपशील मऊ पडतात, म्हणजे ज्या शार्पनेससाठी खटाटोप केला तोच थोडा जातो. अख्खं फूल फोकसमध्ये हवं असेल तर पाकळ्या ज्या पातळीत आहेत तिला सेन्सर समांतर धरा. मग एफ/८ सुद्धा पुरतं.

ढगांबद्दल फार बोलायची गरज नाही. भर दुपारच्या उन्हात तेरड्याच्या पाकळ्या भाजल्यासारख्या दिसतात, ढगाखाली त्यांचा गुलाबी रंग टिकतो.

मीटरवर विसंबणं मात्र महागात पडतं. मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करड्या छटेचं समजतं. पठारावर धुकं उतरलं की ते पांढरं धुकं राखाडी करून टाकतं. तिथे एक्स्पोजर +१ कडे, म्हणजे एक स्टॉप उजळ न्यावं. उलट, गडद हिरव्या गवतात गेंदाचे पांढरे बोंडे असतील तर मीटर गवताला उजळायला जातं आणि बोंडे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरेफटक होतात. तिथे −१ पर्यंत खाली यावं. सोनकी सगळ्यात फसवी. पिवळ्या रंगात लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) आधी भरतो, साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि घरी आल्यावर पाकळ्यांच्या जागी सपाट पिवळे ठिपके. म्हणून तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू करून घ्या, लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी करा, आणि परत बघा.