‘इच प्रत्येक टाकीत असतोच’ हे खरं नाही

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. नवा मासा आणल्यावर काही दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, म्हणजे इच नावाच्या परजीवीची लागण, दिसू लागते आणि घाबरलेला माणूस विचारतो, आता काय करू? त्याला हमखास हे उत्तर मिळतं: “इच प्रत्येक टाकीत असतोच, माशाला ताण आला की वर येतो. क्वारंटाइनच्या भानगडीत पडू नका, छोट्या टाकीत मासा आणखी खचतो. पाणी स्वच्छ ठेवा, खाण्यात लसूण द्या, तापमान 32 पर्यंत वाढवा, माशांचं अंग साफ करणारी एक कोळंबी, क्लीनर श्रिंप, सोडा. आठवड्यात ठिपके जातात.”

सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि बाकीची सगळी त्याच्या आधारावर उभी आहेत. या सल्ल्याची किंमत मासे मोजतात. आपल्या दुकानांत दिसणारे टँग, अँजलफिश, बटरफ्लायफिश बहुतेक करून समुद्रातून पकडलेले असतात. प्रवाळखडकावरून उचलून, पिशवीत बांधून, हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला जीव एका चुकीच्या समजुतीपायी मरावा, हे मला पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“इच प्रत्येक टाकीत असतोच”

मरीन इच म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, अंगावरच्या सूक्ष्म केसांनी पोहणारा एकपेशीय परजीवी. तो हवेतून येत नाही, मिठाच्या पाकिटातून येत नाही, घाण पाण्यात आपोआप तयारही होत नाही. त्याला जगायला जिवंत मासा लागतोच.

त्याचं जीवनचक्र नीट समजून घेतलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत तो साधारण 3 ते 7 दिवस पोसतो. मग मासा सोडून तळाशी जातो आणि काही तासांत वाळू, खडक, काच किंवा एखाद्या गोगलगायीच्या शंखाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. त्या कवचात त्याचं विभाजन होत राहतं आणि एकाच कवचातून 200 किंवा त्याहूनही जास्त पिल्लं बाहेर पडू शकतात. ही पिल्लं पोहत मासा शोधतात. पहिल्या सहा-आठ तासांनंतरच त्यांची लागण करण्याची ताकद ओसरू लागते आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

कवच किती दिवस टिकतं? बहुतेक कवचं 3 ते 28 दिवसांत फुटतात. शास्त्रीय लेखनात नोंदवलेला सर्वांत लांब काळ 72 दिवसांचा आहे. त्यात थोडी भर घालून 76 दिवस टाकी माशांशिवाय ठेवण्याचा नियम रूढ झाला. म्हणजे एवढा काळ टाकीत मासा नसेल आणि पुढे येणारा प्रत्येक मासा उपचार होऊनच आत आला, तर त्या टाकीत इच नाही. दडून बसलेला नाही, झोपलेला नाही, मुळात नाहीच.

प्रयोगशाळेत तर याच्या उलट अडचण येते. संशोधकांना हा परजीवी जिवंत ठेवायला सतत नवे मासे पुरवावे लागतात आणि तरीही एकच वाण सुमारे 34 पिढ्यांनंतर दुबळा होऊन संपल्याची नोंद आहे. मुद्दाम जोपासूनही जो टिकवणं अवघड, तो सगळीकडे असतोच असं कसं म्हणायचं?

बऱ्याच टाक्यांत इच असतो, एवढं मात्र खरं. कारण बऱ्याच टाक्यांत मासे दुकानातून थेट आत जातात.

“आठवड्यात ठिपके जातात”

जातातच. काहीही केलं नाही तरी जातात, कारण पोसून झालेला परजीवी माशाच्या अंगावरून गळून तळाशी जातो. हे बहुतेक रात्री, अंधारात घडतं, त्यामुळे सकाळी मासा एकदम स्वच्छ दिसतो. आदल्या दिवशी लसूण दिला असेल तर श्रेय लसणाला मिळतं, पाणी बदललं असेल तर पाण्याला. त्याच वेळी तळाशी कवचांतली संख्या वाढत असते. एक-दोन आठवड्यांनी ठिपके परत येतात तेव्हा चारऐवजी चाळीस असतात.

काही मासे खरोखर सावरतात, तेही समजून घ्यायला हवं. लागण होऊन वाचलेल्या माशात काही काळ प्रतिकारशक्ती येते. जाड ओठांच्या बोय माशांवरच्या प्रयोगात ती सहा महिने टिकलेली दिसली. अशा माशाच्या त्वचेवर ठिपके दिसत नाहीत, पण कल्ल्यांत थोडे परजीवी तग धरून राहू शकतात. मालकाला वाटतं, संकट टळलं. मग तो नवा टँग आणतो, ज्याच्याकडे ही ढाल नसते. टँगच्या अंगावर ठिपके उठले की तोच सल्ला पुन्हा ऐकू येतो, “ताणामुळे वर आला.” ताणाने प्रतिकारशक्ती कमी होते, हे मान्य. पण ताणाने परजीवी जन्माला येत नाही. तो आधी कुणाबरोबर तरी आत आलेला असावा लागतो.

लसूण, श्रिंप, तापमान, यूव्ही

लसणाच्या वासाने रुसलेला मासा कधी कधी खायला लागतो, तेवढ्यापुरता तो द्यावा. त्वचेच्या आत बसलेल्या परजीवीवर तो काही करत नाही.

क्लीनर श्रिंपचंही तसंच. चपट्या कृमींची अंडी आणि पिल्लं या कोळंब्या खातात, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यांचं काम खरं आहे. पण इच वरच्या त्वचेच्या थराखाली असतो. तिथे कोळंबीचा चिमटा पोचत नाही आणि अंग साफ करणाऱ्या क्लीनर रास माशाचं तोंडही पोचत नाही. गोड्या पाण्यात काही मिनिटं मासा बुडवल्याने इच जात नाही, त्याचं कारणही हेच.

तापमानाचा उपाय आला गोड्या पाण्यातून. तिथला इच हा वेगळाच परजीवी आहे, इक्थिऑफ्थिरियस. उष्णता वाढवली की तो खरोखर हैराण होतो. दोघांनाही ‘इच’ म्हणतात म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं. मरीन इचचं चक्र 30 अंशांच्या आसपास उलट वेगाने फिरतं. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्यात चिलर नसलेल्या टाकीचं पाणी काय तापमानाला जातं, ते आठवून पाहा. गरम पाण्याने इच मरत असता तर आपल्याकडच्या टाक्या दर उन्हाळ्यात आपोआप स्वच्छ झाल्या असत्या. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि ज्या माशाचे कल्लेच सुजलेत त्याला नेमका तोच कमी पडतो.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्यामधून वाहणाऱ्या पाण्यातली पिल्लं मरतात, न वाहणाऱ्या पाण्यातली मरत नाहीत. लागण कमी ठेवायला मदत होते, संपवायला नाही.

“पाणी स्वच्छ ठेवा आणि वाट पाहा”

यातलं ‘वाट पाहा’ सर्वांत धोक्याचं आहे, कारण प्रत्येक पांढरा ठिपका इचचा नसतो. मखमली रोग, म्हणजे व्हेल्व्हेट, अमायलूडिनियम ओसेलेटम या परजीवीमुळे होतो. त्याच्या एका कवचातून 256 पर्यंत पिल्लं निघतात आणि तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो. ठिपके इचपेक्षा बारीक, पिठूळ, सोनेरी झाक असलेले असतात आणि अनेकदा दिसायच्या आतच मासा दगावतो. मासा भरभर श्वास घेतोय, पंपाच्या झोतात तोंड करून उभा राहतोय, उजेड टाळतोय, खाणं सोडलंय, अशी लक्षणं एकत्र दिसली तर तुमच्या हातात आठवडे नाहीत, दोन-तीन दिवस आहेत. क्लाउनफिशच्या अंगावर पांढुरका चिकट थर सुटत असेल तर तो बहुधा ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. त्यावर इचसाठी वापरलं जाणारं तांब्याचं औषध चालत नाही, फॉर्मलिन लागतं.

“क्वारंटाइन टाकीत मासा खचतो”

वाईट रीतीने ठेवलेल्या टाकीत खचतो, यात शंका नाही. नवं फिल्टर, अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया नाहीत, अमोनिया चढलेला, लपायला जागा नाही, अशा डब्यात मासा मेला की खापर क्वारंटाइनवर फुटतं.

नीट करायचं तर फार लागत नाही. 75 ते 100 लिटरची साधी काचेची टाकी, हीटर, झाकण आणि महिनाभर आधीपासून दुसऱ्या टाकीत चालवून मुरवलेला स्पंज फिल्टर. त्या दुसऱ्या टाकीत आधीच इच असण्याची शक्यता असेल तर तो स्पंज वापरू नये, बाटलीतले बॅक्टेरिया घ्यावेत. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू आणि खडक नको, कारण ते औषध शोषून घेतात. अमोनियाची चाचणी सुरुवातीला रोज. पाइपात लपून, कुणाचा मार न खाता, पोटभर खाणारा मासा इथे खचत नाही. उलट आधीपासून राहणाऱ्या टँगच्या शेपटीचे फटकारे सोसत मोठ्या टाकीत उतरण्यापेक्षा त्याला हे बरं जातं.

उपचार तीन प्रकारचे. तांबं: साधं कॉपर सल्फेट असेल तर 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटर, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) असेल तर उत्पादनावर लिहिलेली पातळी. ती चाचणी किटने मोजत निदान दोन आठवडे, बरेच जण महिनाभर, अखंड ठेवायची. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, म्हणून मध्ये एक दिवस जरी पातळी घसरली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसरा उपाय कमी क्षारतेचा: विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं आहे याचं माप) दोन दिवसांत 1.009 वर आणून ते चार आठवडे किंवा जास्त राखायचं. ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हवाच, काटा हलणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबू नये. व्हेल्व्हेटवर हा उपाय चालत नाही. आणि तांबं व कमी क्षारता कधीच एकत्र करू नका, कमी क्षारतेत तांबं माशाला जास्त विषारी ठरतं.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात औषधच नाही. दर 72 तासांच्या आत मासा दुसऱ्या, पूर्ण कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचा. असं चार वेळा, 12 दिवसांत. माशावरून गळलेले परजीवी जुन्या टाकीत कवचात अडकून राहतात आणि ती टाकी वाळली की मरतात. दोन साधे टब असले तरी पुरतात. फक्त जाळी, हवेची नळी, पाइप, काहीही ओलं पुढच्या टाकीत जाता कामा नये.

प्रवाळ, अनिमोन, कोळंब्या असलेल्या टाकीत तांबं घालता येत नाही, ते मरतील. हा पेच खरा आहे आणि त्यातूनच लोक लसणाकडे वळतात. पण उपचार मुख्य टाकीत करायचाच नसतो. क्वारंटाइनवाले जिथे स्वतः ढिले पडतात ती जागाही इथलीच: गोगलगाय, खेकडा, प्रवाळाचा तुकडा यांना इच होत नाही, पण त्यांच्या शंखावर किंवा दगडावर कवच चिकटून येऊ शकतं. तेही माशांशिवायच्या वेगळ्या पाण्यात 76 दिवस ठेवायला हवेत.

तुमच्या टाकीत आज ठिपके दिसत असतील तर ठिपके असलेलाच नव्हे, सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचाराला घ्या. मुख्य टाकीतले दिवे, पंप, फिल्टर नेहमीसारखे चालू ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे बॅक्टेरिया आणि कोळंब्या उपाशी राहणार नाहीत. शेवटचा मासा बाहेर निघाला त्या दिवसापासून 76 मोजा. खडकाच्या फटीत एखादा छोटा गोबी राहून गेलेला आढळला तर त्याला काढल्याच्या दिवसापासून पुन्हा मोजा.