‘व्हीसीआर भंगारात द्या, पेनड्राइव्ह लावा’ : जरा थांबा

चवथीच्या आधी घराची झाडलोट निघाली की आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही ना काही फुकटचा सल्ला येतोच. यंदा व्हीसीआरवर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम कॅसेटवर रेकॉर्ड करणाऱ्या जुन्या मशीनवर, संक्रांत आली. मजकूर साधारण असा: ‘जुना व्हीसीआर आणि कॅसेटी भंगारात द्या. सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावला की तोच तुमचा नवा व्हीसीआर. एकदा रेकॉर्ड केलं की कायमचं. जितके जास्त जीबी तितका रेकॉर्डर चांगला. बुरशी नाही, पावसाची चिंता नाही. आणि नाहीतरी आता सगळं मोबाइलवर मिळतंच.’ तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर मला हाच मजकूर आला. खाली अंगठ्यांची रांग.

गोव्यातल्या फोंड्यात माझं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. व्हीसीआरचं मला प्रेम वगैरे अजिबात नाही. त्याचे रबरी पट्टे बदलून बदलून माझी बोटं काळी व्हायची. पण या मजकुरातलं एकेक वाक्य तपासायला हवं, कारण त्यावर विसंबून लोक पैसे घालवतायत. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे, रेकॉर्डिंग घालवतायत.

पेनड्राइव्ह लावला की व्हीसीआर झाला, हे आधी घेऊ. कॅसेटचा मोठा गुण एकच होता: ती मशीनमधून बाहेर यायची. पणजी दूरदर्शनवर कुणाच्या मुलीचं नाट्यगीत लागलं की ती कॅसेट मामाकडे जायची, शेजारी जायची, कुवेतला निघालेल्या माणसाच्या बॅगेत लुंगीत गुंडाळून जायची. तिकडच्या कुठल्याही व्हीसीआरमध्ये घातली की चालायची. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या, म्हणजे घरावरच्या छोट्या डिशवर चालणाऱ्या, बॉक्समध्ये असं होत नाही. वाहिनी येते तीच कुलूपबंद. बॉक्स ते कुलूप उघडून चित्र दाखवतो, आणि साठवताना पुन्हा आपलं स्वतःचं कुलूप लावून साठवतो. किल्ली त्या एकाच बॉक्समध्ये. पेनड्राइव्ह काढून कंप्युटरला लावा, फाइल दिसेल, चालणार नाही. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉक्स असला तरी चालणार नाही.

आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी हे फार महाग शिकून घेतलं. त्यांच्या बॉक्सला पाचशे जीबीची हार्ड डिस्क. चार वर्षांची रेकॉर्डिंग: नातवाचा तबला, दोन कीर्तनं, कार्यक्रमात एकदा मागच्या रांगेत दिसलेल्या त्यांच्या पत्नी. त्या आता नाहीत. जूनमध्ये वीज पडली आणि बॉक्सचं पॉवर सर्किट जळलं. कंपनीच्या माणसानं दुसऱ्या दिवशी नवीन बॉक्स बसवला, फुकट, अगदी नम्रपणे. जुनी डिस्क मी काढून पाहिली. एकदम ठणठणीत होती. आत सगळं होतं आणि काहीच उघडत नव्हतं. काका म्हणाले, ‘‘मास्तर, कॅसेट निदान अडकली तर पेन्सिल घालून फिरवता यायची.’’

दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’चं मात्र वेगळं आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याचा गोंधळ कदाचित इथेच झाला असावा. तिथे दूरदर्शनच्या वाहिन्या उघड्या येतात, आणि बाजारात मिळणारे साधे बॉक्स त्या जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवतात. ती फाइल कंप्युटरवर सरळ चालते. बऱ्याच बॉक्सांना पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारानं फॉरमॅट केलेला लागतो. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब नाटकाचे दोन-तीन तुकडे पडतात. घाबरू नका, नाटक तिथे संपलेलं नसतं.

तेव्हा दुकानात गेलात तर पहिला प्रश्न किमतीचा नको. दुकानदारासमोर पाच मिनिटं रेकॉर्ड करा, पेनड्राइव्ह काढा, त्याच्याच काउंटरवरच्या कंप्युटरला लावा. चाललं तर पुढे बोला. दुकानदार ‘‘हो हो, चालतं सगळं’’ म्हणाला तरी लावून बघा.

‘एकदा रेकॉर्ड केलं की कायमचं’ हे वरच्या गोष्टीतच निकालात निघालं, पण थोडी भर घालतो. काही बॉक्स रिचार्ज संपला की आधीचं साठवलेलंही दाखवत नाहीत. आणि कुलूप नसलं तरी हार्ड डिस्क ही फिरणारी वस्तू आहे. टीव्हीखालच्या बंद कपाटात, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवली तर उष्णतेनं लवकर म्हातारी होते. कॅसेट खराब व्हायची ती हळूहळू, आधी मुंग्या, मग रेघा. डिस्क सांगून जात नाही.

आता जीबी. हिशेब सोपा आहे. साधी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिटच्या आसपास धरली तर तासाला १.३५ जीबी लागतात. ५०० जीबीत ३७० तास. ‘ई-१८०’ कॅसेट तीन तासांची, म्हणजे सव्वाशे कॅसेटी झाल्या. एचडी वाहिनी ८ मेगाबिटची धरली तरी सुमारे १४० तास. एवढं बघणार कोण? माझ्या माहितीतल्या एकानेही डिस्क भरून नवीन घेतलेली नाही. सगळे जुन्या मालिका पुसत बसतात.

जीबीपेक्षा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारे भाग, मोजा. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर होता, हे लोक विसरले. केबलची वायर आधी व्हीसीआरला, तिथून टीव्हीला. आई टीव्हीवर मालिका बघायची आणि व्हीसीआर दुसऱ्याच चॅनलवरची क्रिकेट मॅच गुपचूप टेपवर घ्यायचा. २०१७ पर्यंत देशभर टप्प्याटप्प्यानं केबल डिजिटल झाली आणि त्या ट्यूनरला पकडायला काही उरलं नाही. आता पेनड्राइव्हवाल्या स्वस्त बॉक्समध्ये ट्यूनर एकच असतो. रेकॉर्डिंग सुरू असताना चॅनल बदलायला गेलात तर बॉक्स विचारतो, रेकॉर्डिंग बंद करू का? आणि घरात कोण ‘हो’ दाबेल हे मी सांगायला नको. दोन ट्यूनरचा रेकॉर्डर हवा असेल तर डिशपासून बॉक्सपर्यंत बहुधा दोन वायरी ओढाव्या लागतात. तेवढं बसवणाऱ्याकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर दुसरा ट्यूनर शोभेला.

आणखी एक आपली सवय. रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद. वीज वाचते हे खरं, पण पहाटेचं भजन रेकॉर्ड व्हायचं असेल तर बॉक्स जागा हवा. व्हीसीआरचंही तसंच होतं म्हणा. वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ शून्यावर लुकलुकत बसायचं. नवीन बॉक्स निदान घड्याळ सिग्नलवरून आपसूक लावून घेतो.

बुरशीबद्दल मजकूर बरोबर आहे. गोव्याच्या पावसाळ्यात कॅसेटीच्या खिडकीतून आत बघा: गुंडाळीच्या कडेला पांढरी जाळी, भाकरीवर येते तशी. पण ‘पावसाची चिंता नाही’? डीटीएचचा सिग्नल ‘केयू बँड’ नावाच्या लहरींच्या पट्ट्यात, १२ गिगाहर्ट्झच्या आगेमागे येतो, आणि मोठे थेंब तो वाटेतच गिळतात. आषाढातली जोराची सर आली की पडद्यावर ‘सिग्नल नाही’. बघत असाल तर चहा करायला उठता. रेकॉर्डर मात्र इमानदारीनं ती वीस मिनिटं रिकामी सोडतो आणि तुम्हाला ते आठवड्यानं कळतं. मोठी डिश लावली तर थोडा फरक पडतो, मुसळधार पावसात तीही हरते. केबलवाल्याच्या मोठ्या डिशा बहुतेक सी बँडच्या, ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्यांना पाऊस एवढा जाचत नाही. म्हणून जून ते सप्टेंबरमधलं काही हमखास हवं असेल तर माझं मत केबलच्या बॉक्सला. माडाची झावळी पडून केबल तुटते, तो भाग वेगळा.

सगळं मोबाइलवर मिळतं म्हणणाऱ्यांनी गावच्या केबलवर दाखवलेला दहा वर्षांपूर्वीचा शिगमा मला मोबाइलवर शोधून द्यावा.

ग्रुपवर एकानं डीव्हीडी रेकॉर्डर सुचवला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मीही सुचवला असता. एका डिस्कवर ४.७ जीबी, साध्या दर्जात दोन तास, आणि शेवटी ‘फायनलाइज’ करायला, म्हणजे डिस्क बंद करून पक्की करायला, विसरलात तर दुसऱ्या प्लेअरवर चालणार नाही. आता नवा मिळणं कठीण, जुना घेतला तर त्याची लेझर कधी जाईल सांगता येत नाही.

राहिला व्हीसीआर भंगारात द्यायचा मुद्दा. नवीन व्हीसीआर कुणी बनवत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये शेवटचं उत्पादन थांबवलं. मग कॅसेटी कशावर लावणार? चालू मशीन असेल तर आधी तिच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना व्हिडिओ कंप्युटरमध्ये घेणाऱ्या यूएसबी ‘कॅप्चर’ स्टिकला जोडा आणि कॅसेटी कंप्युटरवर उतरवून घ्या. घाई चालत नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. बुरशी आलेली कॅसेट मात्र तशीच घालू नका, ती बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागून पुढच्या कॅसेटीला जाते. आणि भंगारवाल्याला फोन करून झाला असेल तर निदान मशीनचं झाकण ढकलून आत बघा. मला अशा मशीनमध्ये आतापर्यंत दोन लग्नं आणि एक बारसं सापडलंय.